मन्मथअप्पांनी चावून घेतलेला पाईप

मन्मथअप्पा कुठलीही वस्तू आधी चावून बघतात आणि मगच तिच्याविषयी बोलतात. ही सवय त्यांना लातूरच्या आडत बाजारात लागली. तिथं ते मापाडी होते. पोतं काट्यावर चढवण्याआधी अप्पा त्यातली मूठभर तूर तळहातावर घेत, दोन दाणे दाढेखाली धरत आणि डोळे मिटत. दाणा कट्‌कन फुटला तर माल वाळलेला, दाताखाली चपटा झाला तर ओला. पुढं ओल मोजायची यंत्रं आली. यंत्राचं आणि अप्पांचं जमलं नाही की यंत्र दुरुस्तीला टाकत, असं अप्पा सांगतात. मी त्यांना कधी उलटं विचारलं नाही.

नोकरी संपून अप्पा रेणापूरला घरी आले, पण दात निवृत्त झाले नाहीत. ते कपड्याचा साबण चावतात. चपलेचा पट्टा चावतात. शेजारी गुरुपादप्पांचं बांधकाम चालू होतं तेव्हा अप्पांनी विटेचा कोपरा चावला आणि भट्टी कच्ची आहे म्हणून सांगितलं. त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं, सुकन्याचं, लग्न नांदेडच्या सत्यमशी ठरलं, तेव्हा अख्ख्या गल्लीत एकच चेष्टा होती की अप्पांनी जावयाला नेमकं कुठं चावून बघितलं. जावई गरीब स्वभावाचा. तोही हसला आणि बाही वर करून दाखवू लागला.

हसल्या नाहीत त्या फक्त सत्यमच्या आई, सरजाबाई. सरजाबाईंना कशातही खोट आधी दिसते. लग्नाच्या पंगतीत त्यांनी वरणाला खोट काढली आणि अप्पांनी ती तूर स्वतः चावून घेतल्याचं सांगितलं. तिथून जो वाद सुरू झाला तो नवरा-नवरी गाडीत बसेपर्यंत चालला. त्यानंतर हे दोघं भेटले आणि वाद झाला नाही असं कधी घडलं नव्हतं.

अप्पांचं घर माझ्या घरासमोरच आहे. अंगण ऐसपैस, आणि संडास-न्हाणी अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला. अप्पांच्या वडिलांचं म्हणणं असं की जेवायची आणि ही, दोन्ही ठिकाणं एकमेकांना दिसता कामा नयेत. तिकडच्या दिव्याला एक वायर घरापासून लिंबाच्या झाडावरून गेलेली होती. उन्हानं तिचं कातडं गेलं, मग कावळ्यांनी तिची चौकशी केली आणि एक दिवस ठिणगी पडून दिवा गेला तो गेलाच. घरची माणसं बॅटरी घेऊन जाऊ लागली. सिंधुबाईंना, म्हणजे अप्पांच्या मंडळींना, तर बॅटरीही लागत नव्हती. वाटेतले दगड त्यांना तोंडपाठ होते.

सुकन्याला दिवस गेले आणि पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून सिंधुबाई कामाला लागल्या. जुन्या सुती लुगड्यांची दुपटी शिवून झाली, डिंक आणून ठेवला. आणि नांदेडहून सरजाबाईंचा फोन आला. त्यांचं म्हणणं असं की सून अवघडलेली, तिला अंधारातून अंगण ओलांडायला लावणं त्यांना पटत नाही. सुकन्याला घेऊन त्या स्वतः येतील. दिवा असेल तर सुकन्या राहील, नसेल तर त्याच गाडीनं परत जाईल आणि बाळंतपण नांदेडला होईल.

सिंधुबाईंनी सुईत ओवलेला दोरा तसाच काढून ठेवला आणि अप्पांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“माझी लेक दारातून माघारी गेली, तर उद्यापासून तुमची भाकर तुम्ही थापा,” त्या म्हणाल्या. अप्पांनी लगेच आनंदराजला बोलावणं धाडलं.

आनंदराज हा आमच्या भागातला वायरमन. हुशार, चपळ आणि सदैव काळा चष्मा लावलेला. विजेच्या बोर्डात डोकं घालतानाही तो चष्मा काढत नाही. त्यानं ढांगा टाकत अंगण मोजलं. वायर झाडावरून न्यायची नाही, घराच्या कोपऱ्यापासून कंपाउंडच्या भिंतीनं न्यायची, आणि तिच्यावर दिवसभर ऊन असणार म्हणून ती पाईपातूनच न्यायची, असं त्यानं ठरवलं. पाईप मात्र अप्पांनी आणायचा. सामान गिऱ्हाइकानं आणावं हे त्याचं तत्त्व आहे. पुढं काही बिघडलं तर दोष सामानाचा.

अप्पा खरेदीला निघाले की सोबत साक्षीदार नेतात. त्या दिवशी मी होतो. राजशेखरच्या दुकानाबाहेर काही पांढरे पाईप भिंतीला टेकून उभे होते. गेला सबंध उन्हाळा ते तिथंच होते आणि आता पार पिवळे पडले होते. ही जाहिरात चांगली नव्हे, हे राजशेखरला कुणी सांगितलं नसावं. अप्पांनी त्यांच्याकडं कौतुकानं बघितलं आणि पिकलेत म्हणाले.

राजशेखरनं दोन तुकडे काउंटरवर ठेवले. एक पातळ, पांढरा. हा भिंतीच्या आत घालायचा. दुसरा राखाडी, जाड. हा बाहेरचा, उन्हापावसाला टिकणारा, आणि थोडा महाग. त्यानं हे सगळं नीट सांगितलं, पण सांगितलं हेच चुकलं. आडतीत जो माणूस आपल्या मालाची आपणहून तारीफ करतो त्याच्या पोत्याच्या तळाशी काय असतं, हे अप्पांना ठाऊक होतं.

त्यांनी पांढरा तुकडा दाढेखाली धरला. डोळे मिटले. कट्‌ असा स्वच्छ आवाज आला आणि एक टवका त्यांच्या तळहातावर पडला. दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं वळून बघू लागली. अप्पांचा चेहरा उजळला. मग त्यांनी राखाडी चावला. त्याचा आवाज आला नाही. दाताचे वळ तेवढे उमटले.

“ह्यात ओल हाय,” अप्पा म्हणाले.

“अप्पा, पाईपात ओल नसती.”

“आडतीतबी सगळे असंच म्हणायचे.”

राजशेखरनं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं. मी शाळामास्तर, पाईपाचा मला तरी काय अनुभव? पांढरे पाईप सायकलला बांधून आम्ही घरी आलो.

आनंदराज दुसऱ्या दिवशी सकाळी गारव्यातच आला. आमच्याकडं एप्रिल-मे महिन्यात बाहेरचं काम माणूस सकाळी करतो नाहीतर ऊन उतरल्यावर. पाईप भिंतीला लावून त्यानं क्लिपा अशा करकचून आवळल्या की पाईपाला हलायची हिंमत होऊ नये. काम झालं तेव्हा पाईप या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघेसारखा सरळ होता. सिंधुबाईंनी बटणाला हळदकुंकू लावलं. दिवा लागला. अप्पा त्या भर उजेडात लागलेल्या दिव्याकडं बराच वेळ बघत उभे राहिले आणि मला म्हणाले की माल वाळलेला असला की असं होतं.

सरजाबाई दुपारचं जेवण झाल्यावर आडव्या होऊन रेणापूरची तपासणी करत. ती व्हिडिओ कॉलवर चाले. त्या दिवशीही भर दुपारच्या उन्हात कॉल आला आणि सिंधुबाई मोठ्या हौसेनं फोन घेऊन अंगणात गेल्या. नवीन काम दाखवायला त्यांनी फोन भिंतीकडं वळवला.

“सिंधुबाई, भिंतीवर साप कशाचा हो?” सरजाबाईंनी विचारलं.

सिंधुबाईंनी मान वर केली. सकाळचा तो सरळ पाईप दोन क्लिपांच्या मधे पोट काढून उभा होता. एकीकडं वर, पुढं खाली, परत वर, अशी वळणं घेत तो न्हाणीपर्यंत गेला होता.

“न्हाई हो,” सिंधुबाई शांतपणे म्हणाल्या, “नेटवर्क हलायलंय.” आणि फोन बंद केला.

अप्पांनी आनंदराजला फोनवर जे सुनावलं ते माझ्या ओसरीपर्यंत ऐकू आलं. त्यात त्याच्या चष्म्याचाही उल्लेख होता. आनंदराज ऊन उतरल्यावर आला, आणि पाईप सरळ होता. अगदी रेघेसारखा. त्यानं एका टोकाशी डोळा लावून बघितलं, दुसऱ्या टोकाशी लावून बघितलं, आणि अप्पांची प्रकृती कशी आहे ते विचारलं. ऊन लागलंय का, असं त्यानं अदबीनंच विचारलं, पण अप्पांना ते लागलं.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता अप्पांनी मला नेऊन उभं केलं. पाईप वाकडा होता. तसं मी फोनवर आनंदराजला सांगितलं. तो बरं म्हणाला आणि संध्याकाळी आला. पाईप सरळ होता. आता त्यानं माझ्या प्रकृतीची चौकशी केली. परका माणूस आला की हा पाईप पाव्हण्यासमोर बसलेल्या पोरासारखा नीट बसतो, असं सिंधुबाई म्हणू लागल्या. आनंदराजला भर दुपारी आणल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. शेवटी सिंधुबाईंनी त्याला दुपारच्या जेवणाचंच आमंत्रण दिलं. आंब्याचा रस होता. डोक्याला टॉवेल गुंडाळून तो आला, जेवला, हात धुवायला अंगणात गेला आणि तसाच ओल्या हातांनी उभा राहिला.

“आयला, हा तर नाचायलाय की,” तो म्हणाला.

मग त्याच्या ध्यानात आलं. उन्हानं प्लॅस्टिक वाढतं. वाढलेल्या पाईपाला लांब व्हायला जागा नव्हती, म्हणून तो मधेच फुगत होता. इतकी वर्षं सकाळ-संध्याकाळ काम केल्यानं आपले पाईप दुपारी काय करतात हे आनंदराजनं कधी बघितलंच नव्हतं. गावातल्या कुठल्या कुठल्या भिंती त्याला त्या क्षणी आठवल्या असतील कोण जाणे. पाईपाला सरकता येईल इतक्या त्यानं क्लिपा सैल केल्या आणि घाईनं निघून गेला. त्या आठवड्यात तो दुपारी गावभर हिंडताना दिसला.

पाईप आता शहाण्यासारखा वागू लागला. पण क्लिपा सैल झाल्यानं तो भिंतीपासून बोटभर सुटून राहिला होता, आणि ही गोष्ट चंद्रीच्या लक्षात आली. चंद्री म्हणजे अप्पांची गाय. त्या कोपऱ्यावर मान घासायची तिची जुनी जागा. नुसत्या भिंतीपेक्षा पाईपावर मान जास्त चांगली खाजवली जात असणार. एका दुपारी अप्पा आणि मी ओट्यावर बसलो होतो. चंद्रीनं मान लावली, एकदा वर नेली, एकदा खाली आणली.

कट्‌.

हा आवाज अप्पांनी आयुष्यभर ऐकला होता आणि दर वेळी त्यांना तो आवडला होता. आज ते नुसते बसून राहिले. सिंधुबाई आतून धावत आल्या. त्यांनी आधी मेन स्विच पाडला, मग चंद्रीला दुसरीकडं बांधलं. पाईपाचे तीन तुकडे खाली पडले होते आणि वायर उघडी लोंबत होती.

“दाणा फुटला म्हंजे माल चांगला, गुरुजी,” अप्पा हळू आवाजात म्हणाले. “आजवर असंच हाय.”

“दाणा शिजवायचा असतो,” सिंधुबाई म्हणाल्या. “पाईपाचं काय वरण करायचं होतं का?”

अप्पांनी एक तुकडा उचलून उलटसुलट फिरवला. मला त्यांच्याकडं बघवेना. मापाड्याचा दात खोटा पडणं म्हणजे काय, ते त्याचं त्यालाच माहीत. त्यातच सरजाबाईंचा फोन आला. या वेळी व्हिडिओ नव्हता, ही देवाचीच कृपा. उद्या संध्याकाळपर्यंत पोचतो, एवढंच त्यांनी सांगितलं.

त्या दिवशी साक्षीदार म्हणून मी होतोच, शिवाय स्वतः सिंधुबाईही दुकानात आल्या. चावायचं नाही, असं त्यांनी वाटेतच कबूल करून घेतलं होतं. राजशेखरनं काही न बोलता राखाडी तुकडा पुढं ठेवला आणि दोन पावलं मागं सरकला. अप्पांनी तुकडा हातात घेतला. फिरवला. वाकवून बघितला. ठोकून बघितला. नखानं खरवडला. त्यांची तगमग बघवत नव्हती. सिंधुबाई क्षणभर क्लिपांच्या डब्याकडं वळल्या आणि तेवढ्यात अप्पांनी तो दाढेखाली घेतला. कधी नव्हे इतका जोर लावून घेतला. पांढऱ्या पाईपाचा सगळा राग त्या चाव्यात होता.

आवाज आला. आम्ही सगळ्यांनी पाईपाकडं बघितलं. पाईपावर एक वळ होता, बाकी तो जसाच्या तसा. मग आम्ही अप्पांकडं बघितलं. ते गालावर हात धरून उभे होते. तळहात पुढं केला तेव्हा त्यावर दाढेचा निम्मा तुकडा होता.

“मग हा द्यायचा ना, अप्पा?” राजशेखरनं विचारलं.

अप्पांनी मान हलवली.

“द्या,” सिंधुबाई म्हणाल्या. “खात्री झाली ह्यांची.”

सकाळी आनंदराज आला. या वेळी त्यानं क्लिपा बेतानं बसवल्या, पाईपाला सरकता येईल अशी मोकळीक सांध्यांत ठेवली, आणि चंद्रीच्या कोपऱ्यावर पाईप तिची मान पोचणार नाही इतका उंचावरून नेला. भर दुपारी कुणी न बोलावता तो परत आला. डोक्याला टॉवेल गुंडाळून भिंतीसमोर उभा राहिला. पाईप जागच्या जागी होता. नीट दिसावं म्हणून त्यानं चष्मा काढला. त्याचे डोळे आमच्या गल्लीनं त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. बारीक आहेत, पण चांगले आहेत.

ऊन कलल्यावर नांदेडची गाडी आली. सुकन्या कमरेवर हात ठेवून हळूच उतरली. सिंधुबाई तिची बॅग घ्यायला पुढं झाल्या, तर सरजाबाईंनी ती ओट्यावरच ठेवायला सांगितली.

“आधी दिवा बघू,” त्या म्हणाल्या.

बॅग ओट्यावर राहिली. आम्ही, थांबून राहिलेल्या आनंदराजसकट, तिच्या दोन्ही बाजूंना बसलो. सुकन्याला प्रवासानंतर लगेच तिकडं जायचं होतं, पण अंधार पडल्याशिवाय दिव्याची परीक्षा होणार नाही, असं सरजाबाईंचं मत पडलं.

“आत्या, अंधार पडस्तोवर मी थांबू शकत न्हाई,” सुकन्या सासूला म्हणाली आणि उजेडातच जाऊन आली. त्यामुळं अंधारात स्वतः जाऊन ती परीक्षा घेणं सरजाबाईंनाच भाग पडलं.

अंधाराची वाट बघत बसणं अवघड असतं. एरवी अशा वेळी सरजाबाई काहीतरी बोलत आणि अप्पा ते खोडून काढत, की वेळ बरा जाई. आज त्या चहाविषयी बोलल्या, अप्पा गप्प. रस्त्याविषयी बोलल्या, अप्पा गप्प. रेणापूरपेक्षा नांदेडचं पाणी कसं चांगलं हे त्यांनी सविस्तर सांगितलं, तरी अप्पा गप्प. अप्पांचा गाल सुजला होता आणि उपरण्यानं जबडा बांधला होता, त्यामुळं त्यांना तोंड उघडताच येत नव्हतं. पण सरजाबाईंना वाटलं, व्याह्यांना अखेर आपली किंमत कळली. त्या हळूहळू सैल झाल्या. एकदा तर त्यांनी अप्पांना लवंग धरायला सांगितली.

दिवेलागण झाली. सिंधुबाईंनी बटण दाबलं. अंगणापलीकडं दिवा लागला आणि वाटेतला एकेक दगड दिसू लागला. सरजाबाई उठल्या, पदर खोचला आणि निघाल्या. मधेच थांबून त्यांनी पाईपाला हात लावला. मग धरून ओढला. मग दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून ओढला. सरजाबाईंचा भार थोडाथोडका नाही. पाईप हलला, परत जागेवर बसला. सरजाबाई पुढं गेल्या आणि आत जाऊन त्यांनी दार लावलं.

आम्ही पाचजण त्या बंद दाराकडं बघत बसलो होतो. सुकन्याला ते बरं वाटेना. सगळ्यांनी असं एकटक बघू नये, असं ती म्हणाली. मग आम्ही चंद्रीकडं बघू लागलो. आनंदराज पुटपुटत होता की आता तेवढी लाईट जाऊ नये.

लाईट गेली नाही. दार उघडलं. सरजाबाई त्या उजेडातून सावकाश चालत आल्या, ओट्यावर बसल्या, पाणी मागितलं आणि पिऊन झाल्यावर तांब्या खाली ठेवला.

“तिथं नळाला पाणी लई बारीक येतं तुमच्याकडं,” त्या म्हणाल्या.

अप्पांच्या उपरण्याआडून काहीतरी आवाज निघाला. ते बहुधा पाण्याच्या टाकीची बाजू मांडणार होते. पण सिंधुबाईंनी त्यांना हातानंच थांबवलं. दिव्याविषयी सरजाबाई एक अक्षर बोलल्या नव्हत्या, त्या नळावर गेल्या होत्या. सरजाबाईंनी जुनी खोट सोडून नवी धरली याचा अर्थ काय, ते विहिणीला बरोबर कळतं.

“उद्याच बघतो नळाचं,” सिंधुबाई म्हणाल्या आणि बोलता बोलताच ओट्यावरची बॅग उचलून आत घेऊन गेल्या. सुकन्या त्यांच्या मागोमाग उंबरा ओलांडून घरात गेली.